व्यायाम अर्ध्या शक्तीचा

दरसाल जून महिन्याची २१ तारीख जवळ आली म्हणजे आमच्या शहरांतील मैदानांवर सतरंज्या पसरल्या जातात, व्यासपीठे उभी राहतात, आणि एरवी जिना चढतानाही ज्यांस धाप लागते असे प्रतिष्ठित गृहस्थ पांढरे कपडे घालून पहिल्या ओळीत येऊन बसतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात या दिवसास आंतरराष्ट्रीय योगदिनाचा मान दिला व २०१५ पासून तो पाळला जात आहे. समारंभाशी आमचे भांडण नाही. वर्षातून एक दिवस का होईना, शरीराची आठवण होते हे बरेच आहे. परंतु २२ तारखेस सकाळी सतरंज्या गुंडाळल्या गेल्यावर आमची पेठ पुन्हा होती तशी होते, आणि ज्यांस या गोष्टीची खरी गरज आहे ती माणसे आदल्या दिवशीही तिकडे फिरकलेली नसतात. गादीवर बसणारा पन्नाशीचा व्यापारी, ओट्याशी उभी राहून पाय सुजलेली त्याची पत्नी, आणि पडण्याच्या भीतीने घराबाहेर न पडणारे त्याचे वृद्ध वडील, ही ती तीन माणसे होत. आजचा लेख आम्ही त्यांच्याकरिता लिहीत आहो.

या तिघांची समजूत अशी की, व्यायाम म्हणजे तरुणांचा विषय. तालमीत घाम गाळावा, जोर-बैठका काढाव्या, अथवा हल्लीच्या पद्धतीप्रमाणे मासिक वर्गणी भरून लोखंडी वजने उचलावी, तेव्हा तो व्यायाम. आणि ते आता आपल्याच्याने होणे नाही, म्हणून काहीच करावयाचे नाही! ही समजूत कोणी मुद्दाम पसरविली आहे असे नाही. आमच्याकडे बलोपासनेची जी थोर परंपरा झाली, तिचा सगळा रोख देशाकरिता तरुण तयार करण्यावर होता, आणि त्या काळी ते योग्यच होते. पण त्यामुळे चाळिशीपुढील गृहस्थाश्रमी माणसाने शरीराचे काय करावे याचा विचार मागे पडला, तो पडलाच.

त्याची किंमत किती पडत आहे हे पाहावे. वैद्यकाच्या एका मान्यवर नियतकालिकात २०२४ साली जगातील देशांची जी गणना प्रसिद्ध झाली, तीप्रमाणे २००० साली हिंदुस्थानातील प्रौढांपैकी शेकडा २२ माणसे पुरेशी हालचाल न करणारी होती. २०२२ साली हे प्रमाण शेकडा ४९ वर गेले. पुरुषांत ते ४२ व स्त्रियांत ५७ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला असून, आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर आहेत असे म्हटले आहे. मधुमेहास आहार, वाढलेले वजन, आनुवंशिकता अशी पुष्कळ कारणे आहेत, सगळे खापर बैठकीवर फोडणे न्याय्य होणार नाही. पण जे कारण आपल्या हाती आहे व ज्यास पैसा लागत नाही, त्याकडे तरी आधी पाहावयास नको काय?

बसण्याच्या धंद्याचा व हृदयाचा संबंध प्रथम कोणी दाखविला याची हकीकत आमच्या व्यापारी वाचकांस रुचेल. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडन शहरातील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तपासणी करून १९५३ साली आपले निष्कर्ष छापले. गाडी एकच, रस्ता एकच, पगाराचे मानही सारखेसारखेच. पण चालक दिवसभर बसून राही, आणि तिकिटे फाडणारा वाहक वरखाली करीत दिवसाकाठी पाचशे-सातशे पायऱ्या चढे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत स्पष्टपणे कमी आढळले, आणि जो झाला तो बहुधा सौम्य होता. पुढे याच डॉक्टरने कंपनीच्या शिंप्यांकडील गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेस अधिक रुंद शिवाव्या लागत असल्याचे दिसले, आणि ते नोकरीवर आले तेव्हापासूनच असे होते! म्हणजे लठ्ठ माणूस मुळातच बसण्याचे काम पत्करतो की काय, हा प्रश्न उभा राहिला. मॉरिसने आपल्याच सिद्धान्तास अडचणीचा असलेला हा पुरावा दडवून ठेवला नाही, तो स्वतः छापला. पुढील सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांत जे पुष्कळ संशोधन झाले, त्याने मूळ गोष्ट पक्की केली आहे.

आमच्या पेठेतील दुकानदार पूर्वीही गादीवरच बसत असे, हे खरे. तथापि तो घरून दुकानी पायी येई; ठाणे स्वतः उतरवून उलगडून दाखवी; उधारी वसूल करावयास गल्लोगल्ली हिंडे; दुपारी जेवावयास घरी जाऊन परत येई. आता घर ते दुकान स्कूटर आहे, ठाण नोकर उतरवितो, पैसा फोनवरून फोनवर जातो, आणि डबा जागेवर येतो. पूर्वीचे कष्ट परत आणा असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु त्या कष्टांबरोबर शरीरास न मागता मिळणारी जी हालचाल गेली, तिची जमा दुसऱ्या कोणत्या खाती धरली आहे, हा प्रश्न रोज हिशेब मांडणाऱ्याने स्वतःस विचारावा.

आता मुख्य मुद्दा. ही हालचाल किती व कशी असावी? येथे आमच्या जुन्या वैद्यकाने एक फार शहाणपणाची गोष्ट सांगून ठेविली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात बलवान व सकस आहार घेणाऱ्या माणसासही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, तोही थंडीत व वसंतात; इतर ऋतूंत त्याहून मंद. अर्धी शक्ती संपली हे ओळखावे कसे? सुश्रुताने खूण दिली आहे ती ही की, श्वास तोंडावाटे येऊ लागला म्हणजे थांबावे. आणि आजचे डॉक्टर मध्यम व्यायामाची जी घरगुती कसोटी सांगतात ती काय आहे? चालताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये! दोन हजार वर्षांच्या आगेमागे दोन वेगळ्या मार्गांनी निघालेली माणसे बहुतेक एकाच मुक्कामी आली. जुन्या ग्रंथांतील सारेच खरे, असा याचा अर्थ आम्ही काढीत नाही. त्यांत आज टाकून देण्याजोगेही पुष्कळ आहे. परंतु जेथे कसोटीस उतरले तेथे मान द्यावयास काय हरकत आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मान ठरविले, ते प्रौढ माणसास आठवड्याकाठी दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, असे आहे. दिवसाचा हिशेब केला तर किमान बाविसेक मिनिटे होतात. यापूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे सलग हालचाल झाली तरच ती मोजावी असा नियम होता. २०२० मध्ये तो काढून टाकण्यात आला. सुट्टे पैसेही जमेस धरले जातात, असे व्यापारी भाषेत म्हणता येईल. यास जोड म्हणून आठवड्यातून दोन दिवस स्नायूंस बळ देणारे काही करावे, आणि पासष्टीपुढील माणसांनी तीन दिवस तोल सावरण्याचा अभ्यास ठेवावा, असेही त्यात आहे.

दिवसास दहा हजार पावले चाललेच पाहिजे, हा जो आकडा हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, त्याचा उगम कोणा वैद्याच्या ग्रंथात नाही. १९६५ साली एका जपानी कारखान्याने पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस काढले व त्याचे नाव ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे ठेविले. जाहिरातीचा आकडा शास्त्राचा होऊन बसला. जाहिरातीचे मोल जाणणाऱ्या आमच्या वाचकांनी त्या कारखानदाराचे कौतुकच करावे. पण या आकड्याने अपायही केला आहे. ज्याच्याने तीन हजारांवर मजल जात नाही तो निराश होऊन खुर्चीत बसतो. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या, ज्यांचे सरासरी वय ७२ होते, एका मोठ्या पाहणीत २०१९ साली असे आढळले की, दिवसास सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांत चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी होते, आणि साडेसात हजारांपुढे अधिक लाभ दिसेनासा झाला. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, तेव्हा सगळे श्रेय पावलांस देता येणार नाही. तरी घरातील म्हाताऱ्या माणसास ‘थोडे चाला’ असे सांगण्यास हा आधार पुरे आहे.

आणि शतपावली! आमच्या आज्यांनी रात्रीच्या जेवणानंतर अंगणात घालावयास लावलेल्या त्या शंभर पावलांस आम्ही इंग्रजी शिकून हसलो. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१६ साली ४१ मधुमेही माणसांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एकदा त्यांस दिवसात केव्हाही सलग अर्धा तास चालावयास सांगितले. दुसऱ्या खेपेस प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे. चालणे तेवढेच, वेळ तेवढाच. पण जेवणानंतर चालण्याचा उपदेश पाळला तेव्हा जेवणोत्तर रक्तातील साखर सरासरी शेकडा १२ नी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर शेकडा २२ नी. कारणही गूढ नाही. पायांचे मोठे स्नायू हलू लागले म्हणजे ते रक्तातील साखर स्वतःच ओढून घेतात. त्यास इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. दुकान नऊला बंद करून साडेनऊला जेवणारा व लगेच आडवा होणारा आमचा व्यापारी बंधू नेमका त्याच घटकेस चुकतो. शंभर पावलांनी भागणार नाही, हजारभर घालावी लागतील, एवढी दुरुस्ती आजीच्या नियमास करावी. मात्र पानाच्या ठेल्यापर्यंत जाऊन तेथे अर्धा तास उभे राहणे यास शतपावली म्हणत नाहीत.

आसनांविषयी काही लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण या विषयात महाराष्ट्राने जे काम केले ते साऱ्या जगाने उचलले आहे. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईनजीक वर्सोव्यास योगाची संस्था काढली, तेव्हा संसारी माणसास योग शिकविणे हीच मोठी सुधारणा होती. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आणि आसने करणाऱ्याच्या शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी व रक्तदाबाच्या यंत्रांनी तपासावयास घेतले. चमत्कार सांगणाऱ्यांच्या गर्दीत मोजमाप करणारा हा गृहस्थ आम्हांस फार मोठा वाटतो. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. आणि बी. के. एस. अय्यंगार, जे स्वतः लहानपणी क्षय व हिवताप यांनी जर्जर झाले होते, ते १९३७ साली पुण्यास आले व येथेच राहिले. त्यांनी खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळे, लोड अशा घरगुती वस्तूंचा आधार घेऊन वाकता न येणाऱ्या माणसासही आसन करता येईल अशी सोय केली. लवचिक देहाने करून दाखविण्याच्या कसरतीतून आसने बाहेर काढून ती गुडघे धरलेल्या माणसापर्यंत त्यांनी नेली, हे त्यांचे काम आमच्या मते त्यांच्या कीर्तीतील सर्वांत मोलाचे आहे.

म्हाताऱ्या माणसांस याचा उपयोग किती आहे? घरी राहणाऱ्या वृद्धांवरील शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा २०१९ साली घेण्यात आला, त्यात तोल व बळ वाढविणाऱ्या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण सुमारे शेकडा २३ नी घटल्याचे दिसले. खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरात एकदा घडले त्या घरास सांगावयास नको. भिंतीस हात टेकून एका पायावर दहा अंक उभे राहणे, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, एवढ्यानेही आरंभ होतो.

परंतु सौम्य म्हणून ज्याची ओळख करून दिली, त्याचाही अतिरेक होतो हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. एकशेआठ सूर्यनमस्कारांच्या पैजा लावून गुडघे व खांदे दुखवून घेणारे, रक्तदाब अथवा काचबिंदू असता शीर्षासन करणारे, हे अर्ध्या शक्तीचे मर्म जाणत नाहीत. ज्यांस चालताना छातीत दाब येतो त्यांनी व्यायाम नव्हे, आधी डॉक्टर गाठावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही चालणे वाढविण्यापूर्वी विचारावे. याहून मोठा धोका निराळाच आहे. अमुक आसनाने मधुमेह मुळापासून जातो, तमुक श्वासोच्छ्वासाने हृदयाच्या नळ्या मोकळ्या होतात, असे छातीठोकपणे सांगून औषधे बंद करावयास लावणारे लोक गावोगाव झाले आहेत. आमच्या परिचयाचे एक कापडाचे व्यापारी अशाच एका शिबिरातून गोळ्या टाकून देऊन आले व दोन महिन्यांत पायाच्या जखमेने अंथरुणास खिळले. आसने व चालणे ही औषधाची सोबत करतात. औषध कमी करावयाचे की नाही हे डॉक्टरने साखर तपासून ठरवावे, व्यासपीठावरील वक्त्याने नव्हे.

आता त्या तिघांपैकी जिच्याविषयी आमच्या समाजास बोलावयास आवडत नाही, तिच्याकडे वळू. ‘बायका दिवसभर घरात राबतात, त्यांस व्यायाम कशाला?’ हा प्रश्न आम्ही चांगल्या शिकलेल्या घरांतून ऐकला आहे. जाते गेले, उखळ गेले, विहिरीचा रहाट गेला. राहिले ते उभे राहणे, ओणवे होणे व घाई. त्याने थकवा येतो, पण दम वाढत नाही व मांडीस बळ येत नाही. शिवाय मुख्य अडचण वेळेची आहे. सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसास २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. पुरुषांपैकी मुळात शेकडा २६ च घरकामास हात लावतात, आणि जे लावतात त्यांचीही मिनिटे ९७ च. ज्या समाजात स्त्रियांची पाच तासांची बिनपगारी नोकरी रोज असते, त्या समाजाने त्यांच्या ५७ टक्क्यांबद्दल त्यांसच आळशी म्हणावे, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. पहाटे सहाला घरची सून बूट घालून बाहेर पडली तर चहा कोण टाकील, हा प्रश्न ज्या घरात अजून विचारला जातो, त्या घरातील पुरुषास आम्ही सरळ सांगतो की चहा त्याने टाकावा. त्यास दहा मिनिटे लागतात, आणि स्वयंपाकघरात उभे राहणे हीही त्यास हालचालच होईल.

बाहेर पडलेली ती स्त्री चालणार कोठे, हा पुढचा प्रश्न. आणि येथे आमच्या वाचकांस थोडे कडू लागेल. शहरात पदपथ आहेत, पण त्यांवर आमच्याच दुकानांच्या पाट्या, कपडे घातलेले पुतळे, खोकी आणि गिऱ्हाइकांच्या दुचाक्या उभ्या आहेत. पथारीवाल्यास आम्ही अतिक्रमण म्हणतो. तो तरी पोटाकरिता बसतो. पक्क्या दुकानाने फळी दोन हात पुढे सारावी यास काय म्हणावे? त्या दोन हातांमुळे म्हातारे माणूस रस्त्यावर उतरते, मागून मोटार येते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे फिरणे बंद होते.

व्यापाऱ्यांची भीती अशी की, रस्ता चालणाऱ्यांस दिला म्हणजे गिऱ्हाईक तुटेल. पुणे महानगरपालिकेने २०२१ सालच्या ११ डिसेंबरास लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला, आणि पुढेही तो पाळला. तो रस्ता कापड व सोने यांच्या दुकानांचा. त्या दिवशी तेथे मुले खेळली, वृद्ध माणसे रस्त्याच्या मध्यातून निर्धास्त चालली. एका दिवसाच्या उत्सवावरून धंद्याचा नफातोटा ठरवू नये हे आम्हांस मान्य आहे. योगदिनाविषयी वर जे लिहिले तेच यासही लागू आहे. पण चालत येणारा माणूस दुकानाच्या काचेत डोकावतो आणि गाडीतून जाणारा पुढील दिव्याकडे पाहतो, हे आमच्यापेक्षा दुकानदारास अधिक ठाऊक असले पाहिजे.

नगरपालिकांनी बागा पहाटे लवकर उघडाव्या, रात्री जेवणानंतरच्या घटकेस त्यांत दिवे असावे, स्त्रियांकरिता स्वच्छ शौचगृह असावे, या मागण्या आम्ही करीत राहूच. त्यांस जो काळ लागावयाचा तो लागेल. पदपथावरील दोन हातांस मात्र ठराव, अंदाजपत्रक, निविदा यांपैकी काहीच लागत नाही. दुकान उघडताना पाटी आत ठेविली म्हणजे झाले. आमच्या शहरातील व्यापारी मंडळांपैकी एखाद्याने येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, एका आळीने महिनाभर ही गोष्ट करून पाहावी, आणि विक्रीच्या वहीत काय फरक पडला तो आम्हांस कळवावा. आकडे बरे असोत वा वाईट, ते आम्ही जसेच्या तसे छापू.